सहाराचा सातबारा: ज्ञानकोश कंपनीबद्दल आणि तिच्या संस्थापकाबद्दल कसं लिहितो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेबी-सहारा खात्यातले (सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, सहारा म्हणजे लोकांच्या ठेवी गोळा करणारा उद्योगसमूह) आणखी ५,००० कोटी रुपये ठेवीदारांना वाटायला परवानगी दिली. बातमी आली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनी उणीदुणी निघाली. एकाने समूहाचे संस्थापक सुब्रतो रॉय यांच्यावरचं विकिपीडियाचं पान टाकलं आणि खाली लिहिलं, "सगळं वाचलं. पण माणूस चोर होता की साव, ते कुठेच लिहिलेलं नाही. मग उपयोग काय?" दुसऱ्याचं लगेच उत्तर: "पैसे देऊन काढून घेतलं असेल."

दोघांची अपेक्षा एकच. ज्ञानकोशाने निकाल द्यायला हवा होता. पण निकाल देणं हे ज्ञानकोशाचं कामच नाही. त्याचं काम नेमकं काय, आणि लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या कंपनीवर लिहिताना ते एवढं किचकट का होतं, हे समजून घ्यायला सहाराइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

## तलाठी काय लिहितो, काय लिहीत नाही

जमीन घेताना मालकाच्या तोंडाकडे बघून कुणी इसार देत नाही. आधी सातबारा काढतात. त्यावर नाव असतं, क्षेत्र असतं, पीक असतं आणि 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. जमिनीवर कर्ज असेल तर बोजा तिथे चढतो. कूळ असेल, विहिरीत भावकीचा हिस्सा असेल, तर तेही तिथेच. तलाठी "मालक सज्जन आहे" असं लिहीत नाही आणि "मालक कर्जबुडव्या आहे" असंही लिहीत नाही. बँकेचं नाव, रक्कम, फेरफार क्रमांक, संपलं. ज्याला कळायचं ते त्याला कळतं.

ज्ञानकोशातला लेख असाच असावा अशी अपेक्षा असते. प्रत्येक नोंदीमागे फेरफार हवा, म्हणजे ही माहिती कुठून आली याचा आधार हवा. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला 'इतिहास' असं पान जोडलेलं असतं. कुठल्या खात्यावरून, कधी, कुठला शब्द घातला किंवा काढला, ते तिथे ओळीने दिसतं. ही झाली गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. नोंदीवर हरकत आली की ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत जाते. तशी विकिपीडियावरची भांडणं 'चर्चा' या पानावर जातात.

उपमा एका ठिकाणी लंगडी आहे, ते आत्ताच सांगतो. सातबाऱ्यावर सरकारचा शिक्का असतो. विकिपीडियावर लिहिणारे स्वयंसेवक असतात, त्यांना कसलाही अधिकार नसतो, आणि म्हणूनच त्यांच्या प्रत्येक वाक्याला बाहेरचा आधार मागितला जातो.

## तटस्थ म्हणजे पन्नास-पन्नास नव्हे

आता एक संज्ञा, आणि ती एकदाच. 'तटस्थ दृष्टिकोन' म्हणजे एखाद्या विषयावर विश्वासार्ह स्रोतांमध्ये जी महत्त्वाची मतं आहेत ती सगळी मांडायची, आणि त्या स्रोतांत ज्या मताला जेवढं वजन आहे तेवढंच वजन लेखात द्यायचं. लोक 'तटस्थ' एवढंच ऐकतात. वजनाचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

टीव्हीवरच्या चर्चेत दोन खुर्च्या मांडतात. एकावर आरोप करणारा, दुसऱ्यावर कंपनीचा प्रवक्ता, दोघांना सारखी मिनिटं. याला आपण समतोल म्हणायला शिकलो आहोत. पण समजा एका बाजूला नियामकाचा आदेश, अपिलातला निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि दुसऱ्या बाजूला कंपनीनेच छापलेली जाहिरात आहे. या दोघांना अर्धा-अर्धा रकाना दिला तर वाचकाची फसवणूक होते.

उलट बाजूनेही तेच. सहारा समूह तीन-चार दशकं चालला. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर २००१ ते २०१३ पर्यंत त्यांचं नाव होतं, विमान कंपनी होती आणि ती २००७ मध्ये जेट एअरवेजने विकत घेतली, वृत्तपत्रं आणि वाहिन्या होत्या, लोणावळ्यापलीकडे डोंगरात अँबी व्हॅली उभी राहिली. हे सगळं गाळून लेख तिहार तुरुंगाच्या दारापासून सुरू केला तर तो आरोपपत्राचा सारांश होईल. सातबाऱ्यावर फक्त बोजा लिहून क्षेत्र आणि पीक कोरं सोडण्यासारखं ते आहे.

## एकच गोष्ट, तीन तऱ्हांनी

पहिली तऱ्हा अशी ('सहाराश्री' म्हणजे रॉय): "गोरखपुरात केवळ दोन हजार रुपयांच्या भांडवलावर सुरुवात करून सहाराश्रींनी कोट्यवधी गरिबांना बचतीची सवय लावली." दुसरी अशी: "गोरगरिबांना लुबाडून उभ्या राहिलेल्या साम्राज्याचा अखेर न्यायालयाने फडशा पाडला." पहिलं वाक्य कंपनीच्या माहितीपुस्तिकेत शोभेल, दुसरं अग्रलेखात. ज्ञानकोशाला दोन्ही चालत नाहीत.

तिसरी तऱ्हा कंटाळवाणी आहे. पण तीच नीट बघू.

समूहाची सुरुवात १९७८ मध्ये गोरखपूरला झाली. धंदा छोट्या ठेवी गोळा करण्याचा. आपल्याकडे बाजारपेठेत संध्याकाळी पिग्मीवाला येतो, भाजीवालीकडून वीस रुपये घेतो, मशीनमधून पावती काढून देतो आणि पुढच्या गाळ्याकडे सरकतो. ते चित्र डोळ्यांसमोर आणा आणि उत्तर भारतातल्या गावोगावी पसरवा. बँकेच्या पायऱ्या चढायला बिचकणाऱ्या माणसाच्या दारात एजंट येत होता. हे खरंच होतं, आणि लेखात ते यायला हवं.

२००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने समूहाच्या ठेवी घेणाऱ्या कंपनीला नव्या ठेवी घेण्यावर बंधनं घातली आणि जुन्या टप्प्याटप्प्याने परत करायला लावल्या. त्याच सुमारास समूहाच्या दुसऱ्या दोन कंपन्यांनी, एक स्थावर मालमत्तेची आणि एक गृहनिर्माण गुंतवणुकीची, नवाच कागद विकायला काढला: ऐच्छिक परिवर्तनीय कर्जरोखे. नाव भारदस्त, अर्थ साधा. तुम्ही कंपनीला पैसे उसने द्यायचे. मुदत संपल्यावर व्याजासकट परत घ्या, नाहीतर त्याबदल्यात कंपनीचे शेअर घ्या. या कागदावर दोन्ही कंपन्यांनी मिळून २५,००० कोटींच्या वर रक्कम उभी केली. गुंतवणूकदार सुमारे तीन कोटी.

वाद कशावरून? कंपनी म्हणत होती, ही विक्री खासगी आहे. आमच्या परिवारातले, ओळखीपाळखीचे लोक, त्यांना दिलेले रोखे. कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत, त्यामुळे सेबीचा इथे संबंध येत नाही, कंपनी व्यवहार मंत्रालय बघेल. कायदा म्हणत होता, पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांना देऊ केलं की ती सार्वजनिक विक्री. घरगुती साखरपुडा आहे म्हणून परवानगी काढली नाही, आणि मांडवात तीन कोटी माणसं जेवायला, असा तो मामला होता. जून २०११ मध्ये सेबीने आदेश दिला, ऑक्टोबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४,००० कोटींहून अधिक रक्कम १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं.

वरच्या तीन परिच्छेदांत बाजू घेणारी विशेषणं शोधा. फार तर 'भारदस्त' सापडेल, आणि ते माझं आहे. ज्ञानकोशात तेही उडालं असतं. कंपनीची बाजू मात्र राहिली असती, कारण ती न्यायालयात मांडली गेली होती आणि निकालपत्रात तिची दखल आहे. ती फेटाळली गेली, हेही राहिलं असतं.

## हरिद्वार नावाचा माणूस

त्या निकालपत्रात एक मजेशीर जागा आहे. गुंतवणूकदार खरे आहेत की कागदावरचे, हा प्रश्न निघाला तेव्हा न्यायमूर्तींनी यादीतली एक नोंद उचलली. ओळख करून देणाऱ्याचं नाव 'हरिद्वार' असं होतं. शहराचं नाव कुणी माणसाला ठेवत नाही, आग्रा, अलाहाबाद, तिरुपती अशी माणसांची नावं कुठे आढळत नाहीत, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडचा वाचक इथे हसेल, कारण तिरुपती नावाचा वर्गमित्र तिकडे सहज सापडतो. आणि हरिद्वार? उत्तर प्रदेशातून २०२० मध्ये राज्यसभेवर निवडून गेलेल्या एका खासदारांचं नावच हरिद्वार दुबे होतं.

मग विकिपीडियावर असं लिहावं का, की "न्यायालयाचा हा शेरा चुकीचा होता, पाहा हरिद्वार दुबे"? नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून तिसरा निष्कर्ष स्वतःच काढणं याला तिथे 'स्वतःचं संशोधन' म्हणतात आणि ते चालत नाही. एखाद्या कायदेतज्ज्ञाने किंवा पत्रकाराने हा मुद्दा विश्वासार्ह ठिकाणी मांडला असेल, तर "अमुक यांनी असं म्हटलं" म्हणून तो घेता येतो. मी लेखक म्हणून इथे ते लिहू शकतो, कारण हा माझ्या नावावरचा लेख आहे. ज्ञानकोशात लिहिताना मला माझं शहाणपण दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावं लागतं. पुष्कळ नव्या संपादकांचा इथेच अपमान होतो आणि ते निघून जातात.

## १३८ कोटी म्हणजे थोडे की पुष्कळ?

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड आकडा. सेबीने जाहिराती देऊन रोखेधारकांकडून अर्ज मागवले. २०२३ पर्यंत १७,५२६ अर्जांपोटी १३८ कोटी रुपये परत गेले, आणि त्यातले जवळपास निम्मे व्याजाचे. त्याच वेळी सेबीकडच्या खात्यात २५,००० कोटींहून अधिक रक्कम पडून होती.

आकडा एकच. सहाराचं म्हणणं: बघा, आम्ही बहुतेकांचे पैसे आधीच थेट परत केले होते, देणं उरलंच नव्हतं, म्हणून मागायला कुणी येत नाही. टीकाकारांपैकी काहींचं म्हणणं: मागायला येत नाहीत कारण ती माणसं मुळात नव्हतीच, पैसा कुणाचा होता ते शोधा. आणखी काहींचं म्हणणं: माणसं आहेत, पण बिहारमधल्या खेड्यातल्या मजुराला इंग्रजी जाहिरात कळत नाही, मूळ कागद एजंटकडे राहिला आणि एजंट गायब. सहाराने सेबीकडे १२७ ट्रक भरून ३१,६६९ खोक्यांत कागदपत्रं पाठवली होती. त्या ढिगानेही प्रश्न सुटला नाही.

माझं वैयक्तिक मत तिसऱ्या बाजूला झुकतं. पतसंस्था बुडाल्यावर फॉर्म भरण्याच्या रांगेत मी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर उभा राहिलो आहे. ठेवीची पावती सापडत नाही, आधारवरचं नाव 'सुमन' आणि पावतीवर 'सुमनबाई', खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो आणि म्हातारी दुसऱ्यांदा येत नाही. पण हा माझा अनुभव. लेखात त्याची किंमत शून्य.

ज्ञानकोशाने इथे काय करायचं? आकडा तारखेसह द्यायचा. त्याचे अर्थ ज्याचे त्याच्या नावावर द्यायचे. आणि थांबायचं. "केवळ १३८ कोटी" लिहिलं की त्या 'केवळ'मध्ये एक बाजू घेतली गेली. "तब्बल २५,००० कोटी" लिहिलं तरी तेच. मराठी बातमीदारीला 'तब्बल'शिवाय आकडा लिहिताच येत नाही, ही वेगळी व्यथा.

## कंपनी वेगळी, माणूस वेगळा

सहारावर एक लेख आणि सुब्रतो रॉय यांच्यावर दुसरा, असे दोन का? कारण कंपनीचा दोष आपोआप माणसाच्या माथी मारता येत नाही आणि माणसाची कीर्ती कंपनीला उधार देता येत नाही. व्यक्तीवर लिहिताना नियम जास्त कडक असतात, हयात व्यक्तीच्या बाबतीत तर फारच. आधार नसलेलं वाईट वाक्य चर्चेची वाट न बघता काढून टाकायचं, असा संकेत आहे.

एका शब्दाने किती फरक पडतो ते बघा. रॉय यांना फेब्रुवारी २०१४ मध्ये लखनौत अटक झाली आणि ४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तिहारमध्ये पाठवलं. मे २०१६ मध्ये आईच्या निधनानंतर पॅरोल मिळाला. पुष्कळांच्या डोक्यात याचा अर्थ 'घोटाळ्यात शिक्षा झाली' असा बसला आहे. तसं नव्हतं. पैसे परत करण्याचा आदेश पाळला नाही म्हणून न्यायालयाने त्यांना कोठडीत ठेवलं होतं, आणि सुटकेसाठी १०,००० कोटींची अट होती: निम्मे रोख, निम्मी बँक हमी. 'शिक्षा', 'कोठडी', 'अटक', 'आरोप' हे चार शब्द कट्ट्यावर एकमेकांच्या जागी चालतात. लेखात चालत नाहीत.

वजनाचा प्रश्न इथेही येतो. ४ मार्चला न्यायालयाच्या आवारात वकील असल्याचं सांगणाऱ्या एकाने रॉय यांच्या तोंडावर शाई फेकली. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तेच. पण पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यक्रमात या शाईला किती ओळी? फार तर एक. गहुंजेच्या मैदानाला २०१२ मध्ये त्यांचं नाव होतं, पैशांवरून वाद होऊन पुढच्या वर्षी ते झाकलं गेलं. याला दोन ओळी, कारण ती घटना समूहाच्या आर्थिक स्थितीशी जोडलेली आहे. मुलांच्या लग्नातली उधळपट्टी? यावर संपादक आठवडाभर भांडू शकतात.

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी रॉय यांचं मुंबईत निधन झालं. माणसाची नोंद तिथे बंद झाली. कंपनीची नाही. हे प्रकरण संस्थेच्या वर्तनाचं आहे आणि ते चालू राहील, असं सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी लगेच सांगितलं. दोन लेख वेगळे ठेवण्याचं कारण यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

## पेपर कुणाचा, हेही विचारायचं

स्रोत विश्वासार्ह हवा, हे झालं. तो स्वतंत्रही हवा. सहारा समूहाचं स्वतःचं हिंदी दैनिक होतं, वाहिन्या होत्या. त्यात समूहाबद्दल आलेली बातमी म्हणजे नवरदेवाच्या मामाने लिहिलेला बायोडेटा. त्यातली जन्मतारीख घेता येईल, "स्वभाव मनमिळाऊ" घेता येणार नाही. सेबीशी वाद पेटला तेव्हा समूहाने पानभर जाहिराती दिल्या. त्या 'कंपनीचं म्हणणं' याचा पुरावा म्हणून उपयोगी, त्यातल्या दाव्यांचा पुरावा म्हणून नाहीत.

ते दोन हजार रुपयांचं भांडवल घ्या. शेकडो ठिकाणी छापून आलं आहे, पण उगम समूहाच्या सांगण्यात. म्हणून "समूहाच्या सांगण्यानुसार". 'रेल्वेनंतर देशातला सर्वांत मोठा नोकरी देणारा' हे विशेषणही असंच फिरत राहिलं. दलालीवर काम करणारा एजंट हा कर्मचारी का, एवढा एक प्रश्न विचारला की आकडा डुगडुगायला लागतो. एकाने छापलं, दुसऱ्याने त्यावरून घेतलं, मग कंपनीने दुसऱ्याचा हवाला दिला. आणि गावातली अफवा फिरून पहिल्या माणसाकडे आली की त्यालाही ती खरी वाटते.

टीकेच्या बाजूचे स्रोतही सुखासुखी मिळत नाहीत. एका अर्थपत्रकाराने समूहावर लिहिलेल्या पुस्तकावर २०१३ मध्ये सहाराने कोलकाता उच्च न्यायालयात २०० कोटींचा दावा लावला आणि प्रकाशन थांबलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि पुस्तक बाहेर आलं ते समूहाचं असहमतीचं निवेदन आत छापूनच. ज्ञानकोशाला टीका कमी सापडते तेव्हा ती नव्हतीच असं नाही, हे ध्यानात ठेवावं लागतं. पण छापून न आलेलं लिहिता येत नाही, हेही खरंच.

## "पैसे दिले की हवं ते लिहून मिळतं"

आमच्या ग्रुपवरच्या दुसऱ्या गृहस्थांची शंका अगदीच हवेतली नाही. सर्वांत गाजलेलं भारतीय उदाहरण एका व्यवस्थापन शिक्षणसंस्थेचं, आयआयपीएमचं. इंग्रजी विकिपीडियावर 'वायफायवन' या टोपणनावाचा संपादक त्या लेखाची वर्षानुवर्षं राखण करत होता. टीका आली की तांत्रिक कारण काढून उडवायची, कौतुक आलं की राहू द्यायचं. हा साधा संपादकही नव्हता, प्रशासक होता, म्हणजे इतरांना रोखण्याचे अधिकार हातात. फेब्रुवारी २०१५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. खातं कुणाचं होतं, ते जाहीर झालं नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. झुकवलेला लेख वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. त्यावर भरवसा ठेवून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला नंतरच्या बंदीचा काय उपयोग? आणि तो पकडला गेला तो फेरफाराच्या वहीमुळे, कारण त्याची प्रत्येक खाडाखोड तारीखवार शिल्लक होती. कंपनीच्या वेबसाइटवरून एखादं वाक्य गुपचूप गेलं, तर ते कुणी काढलं हे आपल्याला कधीच कळत नाही.

एकाच माणसाने पाच-दहा खाती काढून आपणच आपल्याला दुजोरा देणं, याला मराठीत 'कळसूत्री बाहुल्या' म्हणता येईल. शब्द झकास आहे.

## मग कंपनीने तोंड शिवून बसायचं का?

अजिबात नाही. चुकीचा आकडा असेल, जुना पत्ता असेल, फेटाळला गेलेला आरोप अजून उभा असेल, तर कंपनीने चर्चापानावर यावं, "मी कंपनीचा माणूस आहे" असं सांगावं आणि आधारासह दुरुस्ती मागावी. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला मालक अर्जच करतो. रात्री कचेरीत शिरून स्वतः खोडत नाही.

न्यायालयाचा रस्ताही आहे. एका वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये आपल्यावरच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. त्या दाव्यावरच एक पान तयार झालं, ते काढायचा आदेश झाला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

## मराठीत लिहिताना: 'तो' की 'ते'?

इंग्रजीत संस्थापक एकाच सर्वनामाने लिहून होतो. मराठीत पहिल्याच वाक्यात बाजू घ्यावी लागते. रॉय 'म्हणाले' की 'म्हणाला'? आपल्या वर्तमानपत्रांची सवय आठवा. उद्योगपती असेपर्यंत 'त्यांनी कारखाना काढला'. पोलिसांनी उचललं की दुसऱ्या दिवशी 'त्याने पळ काढला'. मधल्या रात्रीत निकाल लागलेला नसतो, फक्त अनेकवचन काढून घेतलेलं असतं. ज्ञानकोशाने एकच रूप धरावं आणि शेवटपर्यंत सोडू नये. आदरार्थी धरलं तर कोठडीतही आदरार्थी. 'सहाराश्री' मात्र नको, तसंच 'साहेब', 'दादा', 'सम्राट' नको. ते स्वतःला 'व्यवस्थापकीय कार्यकर्ता' म्हणवत, हे सांगावं, पण त्यांचं पद म्हणून नव्हे, त्यांनी निवडलेला शब्द म्हणून.

मराठीची खरी अडचण माणसांची आहे. इंग्रजीत एका वादग्रस्त लेखावर डझनभर संपादक डोळा ठेवून असतात, मराठीत कधी एकही नसतो. जाहिरातीतून उचललेला मजकूर घातला तर तो वर्षभर तसाच राहू शकतो, आणि मोबाईलवर तोच समोर येऊ शकतो. (गंमत म्हणजे केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो लिमिटेड कंपनी स्थापून, शेअर विकून. आर्थिक कंपनी आणि तिचा संस्थापक हा विषय आपल्या ज्ञानकोशाच्या जन्मातच होता.)

## कोरा 'इतर हक्क'

हे सगळं ग्रुपवर समजावून झालं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. त्यांच्या माहेरगावची एक पतसंस्था साडेअकरा टक्के देते म्हणे. त्यांनी नातवाला इंटरनेटवर शोधायला लावलं होतं. "तिच्याबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही हो. काहीच लिहिलेलं नाही."

लहान पतसंस्थेवर लेख नसणारच, कारण तिच्यावर स्वतंत्रपणे कुणी फारसं लिहिलेलंच नसतं, आणि आधार नसेल तर लेख उभा राहत नाही. म्हणजे जिथे नोंद सर्वांत जास्त हवी तिथे पान कोरं. मी काकूंना ज्ञानकोश सोडायला सांगितलं. संस्थेची नोंदणी सहकार खात्याकडे तपासा, लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा, पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण आपोआप नसतं ते ध्यानात घ्या, आणि कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तिचं नाव टाकून बघा.

काकूंनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून घडी घातलेलं पत्रक काढलं. वर संस्थापकांचा फेटा बांधलेला फोटो, खाली 'विश्वासाची पंचवीस वर्षे'. "आणि हे?" त्यांनी विचारलं. "हे कुणी लिहिलंय?"